आधी कागद, मग पैसा

समजा, लासूर स्टेशनच्या बाजूला एका वस्तीवर एक मावशी राहतात. दोन एकर कपाशी, एक म्हैस आणि वाळूजच्या कारखान्यात कामाला जाणारा मुलगा, असा त्यांचा संसार. मावशी यंदा रात्रीच्या वर्गात जाऊन लिहा-वाचायला शिकल्या. गावच्या सोसायटीचे त्यांच्यावर पीककर्ज आहे. कापूस विकून आलेल्या पैशांतले अकरा हजार रुपये त्यांनी बँकेत ठेवले होते. ते सोसायटीच्या देण्यासाठीच ठेवले होते.

एके रात्री आठ वाजता फोन वाजला.

“मी वसुली अधिकारी बोलतो. तुम्ही कर्ज थकवले आहे. तुमच्या नावाचे वॉरंट निघाले आहे.”

मावशींच्या हातापायांतले बळ गेले. “कंचं कर्ज, साहेब?”

“ते विचारू नका. एका तासात दहा हजार पाठवा. नाहीतर सकाळी पोलीस दारात येतील. गावात अब्रू जाईल. फोन ठेवायचा नाही आणि कुणाला सांगायचे नाही. मी नंबर देतो, लिहून घ्या.”

मावशींवर कर्ज होते. ते काही खोटे नव्हते. म्हणूनच त्या घाबरल्या. नंबर लिहायला कागद हवा म्हणून त्यांनी पेटी उघडली. हाताला सोसायटीचे पासबुक लागले. वरची ओळ त्यांनी सावकाश वाचली. मग त्या म्हणाल्या,

“साहेब, माझ्या पुस्तकावर आमच्या सोसायटीचं नाव हाय. तुमी कोणाकडून बोलता? तुमचं नाव सांगा, म्या लिहून घेते.”

“लिहून काय करता? आधी पैसे टाका!”

“मग उद्या सोसायटीत या. गटसचिवांसमोर देते. तुमी पावती द्या.”

पलीकडून फोन बंद झाला.

सकाळी मावशी पासबुक घेऊन सोसायटीत गेल्या. गटसचिवांनी खाते काढून पाहिले. ते म्हणाले, “मावशी, तुमच्या देण्याला अजून मुदत आहे. आम्ही कुणाला फोन करायला लावला नाही. आणि तुम्ही त्याला दहा हजार दिले असते, तरी आमच्या वहीत तुमचे देणे तसेच राहिले असते.”

ही गोष्ट ध्यानात घ्या. ज्याचे देणे, त्यालाच दिले तर ते फिटते. भलत्याला दिले तर पैसा जातो आणि कर्जही राहते.

हा डाव कसा चालतो?

हे चोर एकाला नाही, शेकडो लोकांना फोन लावतात. आज पुष्कळ घरांत काही ना काही कर्ज असते. कुणाचे सोसायटीचे, कुणाचे बचत गटाचे, कुणाचे मोटारसायकलचे. त्यामुळे अंधारात मारलेला दगडही कुणाला तरी लागतोच. कधी चोराला तुमचे नाव, गाव, आधारचे आकडेही माहीत असतात. ही माहिती चोरीला जाते, विकली जाते. तेव्हा त्याला माझे नाव ठाऊक आहे, म्हणजे तो खरा, असे समजू नका.

चोराजवळ तीन हत्यारे असतात. भीती, लाज आणि घाई. वॉरंटचे नाव काढून तो भीती घालतो. अब्रूचे नाव काढून लाज दाखवतो. तासाभराची मुदत देऊन घाई करतो. घाईत माणूस कुणाला विचारत नाही. चोराला तेच हवे असते.

जुनी गोष्ट

कर्जाच्या नावाने अडाणी माणसाला नाडणे नवे नाही. पुणे जिल्ह्यात सुपे नावाचे गाव आहे. तेव्हा तिथे इंग्रजांचे राज्य होते. आपले गंगापूर निजामाच्या राज्यात होते. सुप्याच्या भागात शेतकरी सावकारांच्या कर्जात बुडाले होते. खतात काय लिहिले आहे, हे पुष्कळांना वाचता येत नव्हते. सावकार सांगेल तिथे अंगठा उठवावा लागे. शेवटी 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांनी सावकारांची खते काढून जाळली. हे बंड पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले.

मग 1879 साली सरकारने कायदा केला. त्याचे नाव दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पैसे भरले की लेखी पावती मिळण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला. नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यावरून शेतकऱ्याला कैद करण्याची चालही बंद केली.

तेव्हा कागद होता, पण वाचता येत नव्हता. आज वाचता येते, तर चोर कागदच दाखवत नाही. म्हणून आपण कागद मागायचा.

खऱ्या वसुलीची रीत

खरी बँकही फोन करते. थकलेले पैसे मागण्याचा तिला हक्क आहे. पण त्याला रीत आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांना बजावले, की थकबाकीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीवाल्याने फोन करू नये. धमकी देऊ नये, शिवीगाळ करू नये, चारचौघांत अपमान करू नये. नाव लपवून फोन करू नये.

पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. अटक टळावी म्हणून फोनवर पैसेही घेत नाहीत. “डिजिटल अटक” असा प्रकार कायद्यात कुठेही नाही. कर्ज थकले तर बँक नोटीस देते, कोर्टात जाते. ते काम कागदावर चालते. खरी नोटीस आली तर मात्र ती टाकून देऊ नका. वाचा आणि शाखेत जाऊन विचारा.

आणखी एक प्रकार आहे. काही ॲप फोनवर झटपट कर्ज देतात. त्यांतले काही खोटे असतात. ते तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो काढून घेतात. मग दुपटीने पैसे मागतात. “तुमचा घाण फोटो करून सोयऱ्यांना पाठवू,” अशी धमकी देतात. लाजेने गप्प बसू नका. घरात सांगा. पोलिसांत जा. लाज धमकी देणाऱ्याला वाटली पाहिजे, तुम्हाला नाही.

पैसे गेलेच तर?

रडत बसू नका. लगेच 1930 या नंबरावर फोन करा. हा सरकारचा नंबर आहे. जितके लवकर सांगाल, तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची आशा अधिक. मग आपल्या बँकेला कळवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. चोराचा नंबर, वेळ, रक्कम आणि पैसे गेल्याचा मेसेज जपून ठेवा. फोनमधले काही पुसू नका.

लक्षात ठेवा

1. नाव, बँक, शाखा विचारा आणि लिहून घ्या. मग फोन ठेवा.
2. त्याने दिलेल्या नंबरावर उलट फोन करू नका. पासबुकावरचा नंबर लावा, नाहीतर शाखेत जा.
3. पिन आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.
4. कुणी पाठवलेली लिंक उघडू नका. सांगेल ते ॲप फोनमध्ये घेऊ नका.
5. पैसे भरले की पावती घ्या आणि वाचून पाहा.

आठवून सांगा

1. चोराची तीन हत्यारे कोणती?
2. मावशींनी पैसे पाठवले असते, तर त्यांचे कर्ज फिटले असते का? का नाही?
3. वसुलीवाल्याने कोणत्या वेळेत फोन करू नये?

करून पाहा

आज घरी गेल्यावर पेटीतले पासबुक काढा. कर्ज कुणाचे, किती आणि कधी भरायचे, हे एका कागदावर लिहा. त्याखाली 1930 हा आकडा मोठा लिहा. कागद भिंतीला लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

शब्दांचे अर्थ

खत – कर्जाचा लेखी कागद
हुकूमनामा – कोर्टाने दिलेला निकाल
थकबाकी – मुदत होऊन गेलेले देणे
पिन – पैसे पाठवताना टाकायचा आपला गुप्त आकडा
ओटीपी – फोनवर येणारा, एकदाच चालणारा गुप्त आकडा