दोनावर एक मोफत, म्हणजे नेमके किती टक्के?

प्रश्न : दिवाळीच्या खरेदीला गेले, तर दुकानात ‘दोनावर एक मोफत’ अशी पाटी. सेल्समन म्हणाला, “ताई, सरळ पन्नास टक्के सूट आहे.” मी १,८०० आणि १,५०० रुपयांचे दोन कुर्ते घेतले, ६०० रुपयांचा तिसरा मोफत मिळाला. समोरच्या दुकानात सगळ्यावर सरसकट ३५ टक्के सूट होती. माझे नुकसान झाले का? शिवाय त्या मोफत कुर्त्यावर ‘टॅक्स’ म्हणून ३० रुपये वेगळे घेतले. हे योग्य आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सेल्समनने एका नगाला दोनाने भागले. भागायचे असते तीनने, कारण तुम्ही घरी तीन नग नेले. एक भागिले तीन, म्हणजे ३३.३३ टक्के. याच रीतीने एकावर एक म्हणजे ५०, तीनावर दोन म्हणजे ४०, पाचावर एक म्हणजे जेमतेम १६.६७ टक्के. पाकिटावर ‘२५ टक्के जादा’ छापलेले असते, तीही सूट २० टक्केच. १०० ग्रॅमच्या पैशात १२५ ग्रॅम मिळतात, आणि २५ ला १२५ ने भागावे लागते.

पण हे सगळे तिन्ही नगांची किंमत सारखी असेल तरच. बहुतेक ऑफरमध्ये ‘सर्वांत कमी किमतीचा नग मोफत’ अशी अट बारीक अक्षरांत असते, आणि खरी गोम तिथेच आहे. तुमच्या तीन कुर्त्यांची किंमत ३,९०० रुपये, सुटले ६००. म्हणजे सूट १५.३८ टक्के. समोरच्या दुकानात याच किमतीचे कुर्ते २,५३५ रुपयांत आले असते. तुम्ही ३,३०० दिले. फरक ७६५ रुपयांचा. तिन्ही कुर्ते एकाच किमतीचे असते तरी ३३.३३ टक्के ३५ पेक्षा कमीच. अर्थात समोरच्याने सूट द्यायच्या आधी किमती चढवलेल्या नव्हत्या, हे गृहीत धरून. आणि तिसऱ्या कुर्त्याची गरजच नसेल, तर तुमच्या लेखी सूट शून्य!

अशा ऑफरमध्ये घ्यायचेच असेल, तर किमती जवळपास सारख्या असलेले नग एकत्र घ्या. नग जास्त असतील तर बिले वेगळी करून मागा. समजा, २,००० चे तीन आणि ६०० चे तीन कपडे घेतले. एकाच बिलात ६०० चे दोन मोफत, म्हणजे १,२०० रुपये वाचतात. महागडे तीन एका बिलात आणि स्वस्त तीन दुसऱ्यात घातले, तर २,००० आणि ६०० मिळून २,६०० वाचतात. काही दुकानदार कुरकुर करतात, पण दोन वेगवेगळी गिऱ्हाइके आली असती तर त्यांनी हेच केले असते.

आता ३० रुपयांचे. ते घेणे चूक आहे. छापील एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. ‘एकावर एक मोफत’ म्हणजे एका किमतीत दोन वस्तूंची विक्री, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने मार्च २०१९ च्या परिपत्रकात म्हटले आहे. तोच न्याय दोनावर एकला. म्हणजे कर तुम्ही भरलेल्या ३,३०० रुपयांतच आला, ‘मोफत’ नगावर निराळा लागत नाही. सूट दिलेल्या किमतीवर वरून व्हॅट आकारणे ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्येच दिला होता. जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही, ज्या वस्तूसाठी ग्राहकाला पैसे मोजावे लागतात (ती घरपोच मागवण्याचा अटळ खर्च वगळून), तिला ‘मोफत’ म्हणता येत नाही.

बिल घेऊन दुकानात जा आणि ३० रुपये परत मागा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. करापोटीचा आकडा बिलावर वेगळा छापलेला असेल, तर तोच पुरावा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून बिलाचा फोटो आजच काढून ठेवा.