मॉनिटरची जोडणी आणि विजेचा हिशेब

खेळासाठी मॉनिटर घेणारा विद्यार्थी दुकानात प्रथम विचारतो तो ‘१४४ हर्ट्झ’ हा आकडा. पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलू शकते, ते हा आकडा सांगतो. परंतु तितकी चित्रे संगणकातून पडद्यापर्यंत नेणारी वाट तेवढी रुंद आहे काय, हे क्वचितच विचारले जाते. आणि पैसे वाया जातात ते येथेच.

हिशेब शालेय गुणाकाराचा आहे, कलाशाखेच्या वाचकाने बिचकू नये. फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट लागतात. सेकंदाला १४४ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे २८.७ गिगाबिट माहिती वाहिली पाहिजे. २०१३ सालच्या एचडीएमआय २.० जोडणीतून चित्रासाठी मिळतात १४.४ गिगाबिट. म्हणजे पूर्ण रंगांसह हा पडदा तेथे ६० हर्ट्झवरच चालणार, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९ मिळतात, तेथे चित्र आवळून पाठवण्याची ‘डीएससी’ ही युक्ती लागते. एचडीएमआय २.१ ची एकूण ४८ गिगाबिटांची वाट मात्र पुरते. उलट २,५६० गुणिले १,४४० चा पडदा त्याच वेगाला १२.७ च मागतो. त्याला जुनी जोडणीही चालते.

‘२.१’ या आकड्यावरही विसंबू नये. २०२१ च्या अखेरीस उघड झाले, की २.१ मधील नव्या सोयी नियमानुसार ऐच्छिक आहेत; जुन्याच वेगाचे पोर्टही त्या नावाने विकता येते. मला तरी ही ग्राहकाची थट्टा वाटते. तेव्हा क्रमांक न विचारता ‘या पोर्टवर कोणत्या आकाराला किती हर्ट्झ’ असे विचारावे व माहितीपुस्तिकेतील तक्ता पाहावा.

आता वीज. अडॅप्टरवर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर असे असेल, तर गुणाकार ६५ वॅट येतो. तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढेच त्यावरून कळते. खरा खप प्लगला लावायच्या छोट्या वॅटमीटरने मोजावा. समजा ४० वॅट आले आणि वापर रोज ५ तास, तर वर्षाला ७३ युनिट होतात. एलसीडीत यातला मोठा वाटा पडद्यामागच्या दिव्यांचा असतो, म्हणून ब्राइटनेस उतरवला की आकडाही उतरतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तेथे रात्रीचे दृश्य स्वस्त, बर्फाचे महाग. युरोपीय संघात मार्च २०२१ पासूनच्या लेबलावर साध्या आणि एचडीआर चित्राचा दर हजार तासांचा खप वेगवेगळा देतात. आपण घेत असलेले मॉडेल तेथेही विकले जात असेल, तर ते लेबल जरूर पाहावे.

यूएसबी-सी तारेने लॅपटॉप चार्ज करणारा मॉनिटर मोजताना लॅपटॉप काढून ठेवावा, नाहीतर त्याला दिलेली वीजही पडद्याच्या नावावर चढते. उरलेले १९ तास पडदा अर्ध्या वॅटवर झोपून राहिला, तर वर्षाचे साडेतीन युनिट. त्यासाठी रोज बटण बंद करावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.