समुद्रकाठच्या उजेडाविषयी

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र व मालवणच्या किनाऱ्यावरील चित्रे पोचली. रेखाटन निर्दोष आहे; परंतु जाळे ओढणारा तुझा कोळी स्टुडिओच्या खिडकीपाशी रंगवून मागाहून वाळूवर आणून उभा केल्यासारखा दिसतो, कारण तू त्याच्या कातडीचा रंग आधी मुक्रर केलास आणि उजेडाकडे केवळ चमक देण्याचे काम सोपविलेस. उघड्या किनाऱ्यावर कातडीचा स्वतःचा असा रंग फारसा उरतच नाही: सावलीतल्या खांद्यावर आकाशाची निळाई उतरते, हनुवटीखाली व दंडाच्या आतल्या अंगास तापल्या वाळूचा पिवळा परावर्तित प्रकाश चढतो, आणि जो भाग तू काळ्या-तपकिरी रंगाने बुजवून टाकलास तोच वस्तुतः वर्णसंपन्न असतो.

स्पेनमधील व्हॅलेन्सियाचा चित्रकार होआकिन सोरोया याची चित्रे, छापील का होईना, बारकाईने पाहा. १९०९ सालच्या त्याच्या चित्रात पत्नी क्लोतिल्दे व कन्या मारिया पांढऱ्या वेषात समुद्रकाठी चालल्या आहेत. त्या पांढरेपणात निळ्या, जांभळ्या व फिक्या पिवळ्या छटाच अधिक आहेत, आणि तरीही वस्त्र शुभ्रच वाटते. मात्र प्रकाश म्हणजे निव्वळ आल्हाद असे मानू नको. १८९९ मध्ये त्याने अपंग मुलांचे समुद्रस्नान रंगविले, त्यास पुढल्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक लाभले. तेथे पाठीवर पडलेले तेच ऊन त्या कृश देहांची व्यथा लपवीत नाही, उलट उघड करते. माझ्या मते ही त्याची सर्वांत थोर कृती होय.

त्याचे अनुकरण करताना एक भेद ध्यानी ठेव. व्हॅलेन्सियाचा समुद्र पूर्वेस आहे, त्यामुळे कलत्या दुपारचा उजेड तेथे जमिनीकडून पाण्याकडे येतो. आपल्या कोकणात समुद्र पश्चिमेस असल्याने तो उजेड सकाळी मिळतो, आणि संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसलास तर आकृत्या केवळ काळ्या छायाकृती होऊन राहतात. तेव्हा सकाळीच बैस, प्रथम छायेची हद्द कायम कर, सूर्य सरकला म्हणून ती हलवू नको, आणि उजेड पालटताच काम तहकूब करून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा जा.

तूर्त काळ्या रंगाची नळी घरीच ठेव, त्याच कोळ्यास सकाळच्या उन्हात पुनश्च रंगव, आणि ते चित्र मला अवश्य पाठव.


तुझा मामा