शिकागोचा सार्वजनिक नाताळ

डिसेंबरात शिकागोला येणाऱ्या पाहुण्यांपुढे उंच इमारती, सरोवर आणि संग्रहालये यांची यादी ठेवणे सोपे आहे. पण या महिन्यात शहराचा स्वभाव सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो नाताळात. अमेरिकेतला नाताळ म्हणजे दार लावून, घरच्यांपुरता साजरा करायचा सण, असा आपल्याकडे समज आहे. २५ तारखेपुरता तो खराही आहे. त्या दिवशी रस्ते ओस पडतात. त्याआधीचा महिनाभर मात्र इथला नाताळ चौकात, रेल्वेच्या डब्यात आणि बंदराच्या धक्क्यावर असतो. १८९०च्या दशकात पुण्यात गणपती देव्हाऱ्यातून मांडवात आला. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९१३ साली, शिकागोत नाताळचे झाड दिवाणखान्यातून ग्रँट पार्कमध्ये आले आणि शहराचे पहिले सार्वजनिक झाड उजळले. कारणे वेगळी होती, पण घरचा सण गावाचा झाला की त्याचे काय होते, हे मराठी माणसाला वेगळे समजवावे लागत नाही. १९१०च्या जनगणनेत शिकागोचे एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले होते. अशा शहराला सगळ्यांनी मिळून उभे राहावे असे एखादे ठिकाण लागतेच. तेव्हापासून हे झाड दरवर्षी उभे राहते. हल्ली ते मिलेनियम पार्कजवळ असते आणि आसपासच्या भागातल्या एखाद्या कुटुंबाने आपल्या अंगणातले दिलेले असते.

त्या पहिल्या झाडाच्या वर्षभर आधीची एक घटना शिकागोकर अजून विसरलेले नाहीत. मिशिगन सरोवराच्या उत्तरेकडच्या जंगलांतून नाताळची झाडे गलबतांत भरून इथे येत. हर्मन शूनेमन हा कप्तान क्लार्क स्ट्रीटच्या पुलापाशी गलबत लावून डेकवरूनच झाडे विकायचा आणि गरिबांना फुकट द्यायचा. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्याचे ‘राऊझ सिमन्स’ हे तीन डोलकाठ्यांचे गलबत वादळात सापडून सगळ्या खलाशांसह बुडाले. पुढे त्याची पत्नी बार्बरा आणि मुली यांनी हा व्यवसाय चालू ठेवला. १९७१ मध्ये विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याजवळ, दीडशेहून अधिक फूट खोल पाण्यात गलबताचे अवशेष सापडले, तेव्हा तळाच्या कोठीत झाडे अजून रचलेली होती. आजही डिसेंबरच्या सुरुवातीला तटरक्षक दलाचे ‘मॅकिनॉ’ हे जहाज हजाराहून अधिक झाडे घेऊन नेव्ही पिअरला लागते आणि ती गरजू कुटुंबांना वाटली जातात. झाडे उतरवायला स्वयंसेवक आणि शाळकरी मुले रांग धरून उभी असतात. पाहुण्यांनी शिकागोत एकच गोष्ट पाहायची ठरवली, तर आम्ही स्टेट स्ट्रीटच्या रोषणाईआधी या धक्क्याचे नाव घेऊ.

या सार्वजनिक नाताळावर पहिला आक्षेप बाजाराचा. हा सगळा दुकानदारांचा खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा भक्कम आहे. स्टेट स्ट्रीटवरच्या खिडक्या सजवल्या त्या मार्शल फील्ड्सने. १९०७ पासून वॉलनट रूम या उपाहारगृहात भव्य झाड उभे राहते तेही त्याच दुकानात. लाल नाकाचा रूडॉल्फ हा रेनडिअरसुद्धा १९३९ साली माँटगोमेरी वॉर्ड या इथल्याच कंपनीसाठी रॉबर्ट मे या जाहिरात-लेखकाने गिऱ्हाइकांच्या मुलांना वाटायच्या पुस्तिकेकरता रचला. पहिल्याच वर्षी तिच्या चोवीस लाखांच्या आसपास प्रती फुकट वाटल्या गेल्या. ती लिहीत असताना मे यांची पत्नी कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती आणि पुस्तिका पुरी होण्याआधीच ती गेली. हे सगळे मान्य. पण पुढे काय झाले तेही पाहावे. वॉर्डची दुकाने २००१ मध्ये बंद झाली, रूडॉल्फ राहिला. फील्ड्सच्या इमारतीवर २००६ मध्ये मेसीज्‌ची पाटी लागली तेव्हा लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरले. दुकान बदलले तरी झाडाखाली बसून जेवायला आजही आजी-आजोबा नातवंडांना घेऊन रांगेत उभे राहतात. बाजाराने सुरू केलेली गोष्ट लोकांनी आपलीशी केली की तिच्यावरचा हक्क लोकांचा होतो. शिवाय खिडकीतली सजावट पाहायला तिकीट पडत नाही. डेली प्लाझामध्ये १९९७ पासून भरणाऱ्या जर्मन धाटणीच्या क्रिस्टकिंडलमार्केटमध्येही प्रवेश मोफत असतो. पिकासोच्या पोलादी शिल्पाच्या सावलीत लाकडी टपऱ्या, भाजलेल्या साखरबदामांचा वास, हातात गरम वाइनचा मग. दारू नको असेल त्यांना त्याच मगात गरम चॉकलेटही मिळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा धर्म आपला नाही, मग आपण यात कुठे? नाताळ मुळात धार्मिक सण आहे आणि शिकागोच्या चर्चमध्ये तो मनोभावे साजरा होतो, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण इथे धर्माच्या सणाला हातभार लावणाऱ्यांत परधर्मीयही आहेत. रूडॉल्फचे कर्ते मे ज्यू होते. १९४९ साली लोकप्रिय झालेले रूडॉल्फचे गाणे रचणारे संगीतकार, मे यांचे मेहुणे जॉनी मार्क्स, तेही ज्यू. आणि जिथे सण पूर्णपणे श्रद्धेचा आहे, तिथेच तो परक्यांना सर्वांत जवळ घेतो. पिल्सन ही वस्ती पूर्वी चेक लोकांची होती, पुढे मेक्सिकन लोकांची झाली. तिथे १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री ‘लास पोसादास’ चालते. मेरी आणि जोसेफ यांच्या वतीने लोक गाणी म्हणत दारोदार आसरा मागतात, नकार घेतात आणि शेवटी एका दारात त्यांना आत घेतले जाते. पोलिश घरांत २४च्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक जास्तीचे ताट मांडतात, अचानक आलेल्या पाहुण्यासाठी. स्थलांतरितांच्या शहराने जपलेले हे आचार आपल्यासारख्या दूरदेशाहून आलेल्यांना परके कसे वाटतील?

खरी उणीव वेगळीच आहे. झगमगाट बहुतेक लूप या मध्यवर्ती भागात आणि मिशिगन ॲव्हेन्यूवर एकवटतो; दक्षिण आणि पश्चिम शिकागोच्या गरीब वस्त्यांना त्यातले थोडेच मिळते. म्हणूनच शहराच्या परिवहन संस्थेची ‘हॉलिडे ट्रेन’ मोलाची वाटते. १९९२ मध्ये गरजूंसाठी अन्न पोहोचवणाऱ्या एका सजवलेल्या गाडीपासून ही प्रथा सुरू झाली. आता ती गाडी शहरातल्या वेगवेगळ्या मार्गांवर पाळीपाळीने धावते: डब्यांवर दिवे, मध्ये उघड्या सपाट डब्यावर सांताक्लॉज, तिकीट नेहमीचेच. एका गाडीने विषमता मिटत नाही, पण सण कोणाच्या स्टेशनवर थांबतो हा प्रश्न या शहराने स्वतःला विचारला आहे आणि तो विचारत राहिले पाहिजे.

राहिली थंडी. सरोवरावरून येणारा वारा हाडांत शिरतो, तेव्हा कानटोपी, हातमोजे आणि आत थर्मल हवेच. पण सूर्य साडेचारच्या आतच मावळतो, त्यामुळे लहान मुलांनाही झोपेच्या वेळेआधी सगळी रोषणाई पाहून होते. क्रिस्टकिंडलमार्केट २४ तारखेला आवरते आणि पोसादासही त्याच रात्री संपतात. तेव्हा शहर पाहायचे ते त्याआधी. परतीचे तिकीट मात्र २५ नंतरचे काढायला हरकत नाही.