व्यसनांची भिक्षा

साधूची झोळी धान्यासाठी असते, असे आपण मानतो. इरकली लुगड्यांबद्दल प्रसिद्ध अशा इळकल येथील महांत शिवयोगी स्वामींनी मात्र १९७५ पासून झोळी पसरली ती व्यसनांसाठी! दारू, विडी, तंबाखू झोळीत टाकावी व पुन्हा न शिवण्याचे वचन द्यावे, हीच त्यांची भिक्षा.

१ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी दारूवर बंदी आली. परंतु कायद्याने दुकान मिटते, तलफ मिटत नाही. तेथे शेजाऱ्याचा शब्दच उपयोगी पडतो. स्वामी २०१८ साली निवर्तले. त्यांचा जन्मदिन, १ ऑगस्ट, राज्यात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळतात.

बीदर-कलबुर्गीच्या आपल्या सीमाभागात बापाची मजुरी वाटेतच आटली, तर मुलाची पाटी फुटते. म्हणून त्या दिवशी आपणही एका दारी जाऊन एक वचन मागू या.