लाळ आटली की दात सांभाळ

अगं, शोग्रेनचं निदान झालं म्हटल्यावर डोळ्यांत थेंब घालायला सगळेच सांगतील, दातांचं कुणी सांगणार नाही. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९३३ मध्ये हे दुखणं सविस्तर मांडलं, म्हणून त्यांचं नाव. शरीराची राखण करणारी यंत्रणाच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठते. दहात नऊ रुग्ण बायकाच.

दात किडले की लोक म्हणतील, घासत नसशील. मनावर घेऊ नकोस. निरोगी तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आम्ल मारते, खरकटं धुते, दाताचं झिजलेलं कॅल्शियम भरून देते. ती आटली की कीड भलत्याच जागी लागते: हिरडीलगत, मुळाशी, अगदी खालच्या पुढच्या दातांनाही. आरशात तिथे बघत जा.

तोंडाला कोरड पडली की कुणी लिंबाची गोळी देईल, कुणी आवळासुपारी, कुणी खडीसाखर. एकही नको! आंबट आणि गोड, दोन्ही दातांच्या मुळावर येतात. झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम चघळ. (घरात कुत्रा असेल तर पाकीट उंचावर ठेव, त्याला ते विष आहे.) पाणी घोटघोट पी, पण गोड चहा तसा दिवसभर पुरवू नकोस, एकदा बसून संपव. साखर किती, यापेक्षा दिवसातून किती वेळा, हे दात जास्त मोजतात. कोरडी भाकरी घशाखाली उतरणार नाही, वरणात कुस्करून खा.

मिश्री बंद. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का ते वाच. हर्बल म्हणून विकतात त्यातल्या कितीतरींत नसतं. साधारण १००० ते १४५० पीपीएम हवं, गरज पडली तर डॉक्टर ५००० चीही लिहून देतात. रात्री घासून झालं की नुसतं थुंक, चूळ भरू नकोस. आपल्याला खळखळून चूळ भरल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे हेच सगळ्यात जड जाईल.

सर्दीची गोळी मनाने घेऊ नकोस, बऱ्याच गोळ्यांनी तोंड आणखी सुकतं. लाळ वाढवणारी पायलोकार्पिन असते, तिने घाम फुटतो. दमा असेल तर आधी सांग. जीभ लाल होऊन चुरचुरली, ओठांचे कोपरे चिरले, तर बुरशी असू शकते, तिखटावर ढकलू नकोस.

दाताच्या डॉक्टरांकडे दर तीन-चार महिन्यांनी जा आणि शोग्रेनच्या उपचारांची फाईल बरोबर ने, त्यांनी मागितली नाही तरी.