बाजाराची मागणी आणि कपाशीचे वाण

(बाळापूर तालुक्यातील शेतकरी व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांच्यासाठी पाठ)

कपाशीचे कोणते वाण चांगले, असा प्रश्न विचारला असता शेतकरी एक उत्तर देतो, जिनवाला दुसरे देतो आणि गिरणीवाला तिसरे देतो. शेतकऱ्यास एकरी उत्पन्न हवे असते, जिनवाल्यास रुईचा उतारा हवा असतो आणि गिरणीस लांब, बळकट व एकसारखा धागा हवा असतो. या तिघांच्या मागण्यांचा मेळ घालणे हे वाण पैदासकाराचे काम होय. परंतु त्या मागण्यांची खरी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, तर त्याचे दहा वर्षांचे श्रम वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून हा विषय केवळ संशोधकांचा नसून गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याचा आहे.

वऱ्हाडचा पूर्वानुभव

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड व हिंगणघाट या भागातील बनी कापूस तलम धाग्याबद्दल नावाजलेला होता. तथापि, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्याची जागा आखूड धाग्याच्या जरी जातीने मोठ्या प्रमाणात घेतली. या मिश्र जरीमधून निवड पद्धतीने काढलेले रोझियम हे वाण पुढे दूरवर पसरले. त्याचा धागा आखूड व जाड होता. पण उत्पन्न चांगले आणि रुईचा उतारा भरघोस होता. जाड सूत कातणाऱ्या मुंबईच्या गिरण्या व जपानी खरेदीदार यांच्याकडून अशा कापसास गिऱ्हाईकही मिळत होते. मुंबई व लिव्हरपूल येथील बाजारांत वऱ्हाडचा माल उमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई.

येथे शेतकऱ्याने आडमुठेपणा केला, असे म्हणता येणार नाही. लांब धाग्याचा कापूस आखूड कापसात मिसळून विकला जात असे. त्यामुळे चांगल्या मालास वेगळा भाव मिळेना. ज्या गुणास भाव नाही, तो गुण शेतात टिकत नाही.

ही अडचण ओळखून 1921 साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. कापसाच्या भेसळीस आळा घालण्यासाठी 1923 साली कापूस वाहतुकीचा व 1925 साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीचा कायदा झाला. 1924 साली मुंबईस माटुंगा येथे समितीची तंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. पैदासकाराने नव्या वाणाची रुई तेथे पाठवावी, प्रयोगशाळेने तिचे सूत कातून पाहावे आणि किती नंबरी सूत निघते ते कळवावे, अशी रीत पडली. वाण शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वीच गिरणीचे मत पैदासकारास कळू लागले, हे या व्यवस्थेचे महत्त्व होय. हीच संस्था आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

1947 साली फाळणी झाली, तेव्हा सिंध व पश्चिम पंजाबातील चांगल्या धाग्याचा बराच प्रदेश पाकिस्तानात गेला; गिरण्या मात्र बहुतांशी भारतात राहिल्या. लांब धाग्याची मागणी एकाएकी निकडीची झाली आणि देशातील पैदासीचे धोरण त्या दिशेने वळले. 1970 साली सुरत येथे तयार झालेले एच-4 हे संकरित वाण त्याच वाटचालीतील एक मोठा टप्पा होय.

उतारा आणि भाव यांचे गणित

मागणी आहे एवढ्यावरून वाण फायद्याचे ठरत नाही. पुढील हिशेब केवळ समजुतीसाठी घेतला आहे.

समजा, आखूड धाग्याच्या 100 किलो कापसातून 38 किलो रुई व 62 किलो सरकी निघते. रुईचा भाव किलोस 100 रुपये व सरकीचा 30 रुपये धरल्यास एकूण किंमत 5,660 रुपये होते.

लांब धाग्याच्या 100 किलो कापसातून 30 किलो रुई व 70 किलो सरकी निघते असे धरू. सरकीचे 2,100 रुपये वजा जाता उरलेले 3,560 रुपये 30 किलो रुईतून यावयास हवेत. म्हणजे रुईस किलोमागे सुमारे 119 रुपये भाव मिळाला, तरच दोन्ही वाण बरोबरीस येतात. त्यातच पहिल्या वाणाचे 10 क्विंटल व दुसऱ्याचे 9 क्विंटल कापूस उत्पन्न येत असेल, तर हाच भाव सुमारे 140 रुपयांवर जातो.

आता पैदासकाराने लांब धाग्याच्या वाणाचा उतारा 30 वरून 35 टक्क्यांवर नेला व उत्पन्नही सारखे राखले, तर सुमारे 106 रुपयांस बरोबरी होते. बाजार लांब धाग्यास खरोखर किती जादा भाव देतो, हे माहीत असल्याखेरीज पैदासकारास आपले लक्ष्य ठरविता येत नाही, ही गोष्ट यावरून स्पष्ट होईल.

आजची मागणी

आधारभूत किंमत ठरविताना मध्यम व लांब धागा असे भेद केले जातात. साधारणतः 24.5 ते 25.5 मिलिमीटर धागा मध्यम आणि 29.5 ते 30.5 मिलिमीटर धागा लांब गणला जातो. धाग्याची तलमता मायक्रोनेअर या मापाने मोजतात. आकडा जसा वाढेल तसा धागा जाड समजावा.

परंतु सर्व मागणी लांब धाग्याचीच असते, असे नाही. दवाखान्यात लागणाऱ्या शोषक कापसासाठी आखूड व जाड धागा उपयोगी पडतो आणि हा गुण देशी कपाशीत उपजतच आहे. बाळापूर तालुक्याचा उत्तरेकडील भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील भूजल खारट असल्याने पिकाची भिस्त पावसावर असते. पावसाचा ताण सोसणारी देशी पऱ्हाटी अशा जमिनीत विचारात घेण्याजोगी आहे. मात्र तिचा कापूस वेगळा वेचून, वेगळा साठवून, वेगळा विकण्याची सोय व खरेदीदार आधी निश्चित झाला पाहिजे. नाहीतर बनीचीच गत तिच्या वाट्यास येईल.

ज्वारीचा अनुभवही असाच बोलका आहे. 1964 साली प्रसारित झालेल्या सी.एस.एच.-1 या संकरित ज्वारीने उत्पन्न वाढविले. परंतु काढणीच्या वेळी पाऊस आला म्हणजे दाणा काळा पडे व भाकरीस गावरान ज्वारीची गोडी येत नसे. साहजिकच बाजारात भाव कमी मिळे. पुढील पैदासीत दाण्याच्या प्रतीकडे अधिक लक्ष द्यावे लागले.

माहिती कशी गोळा करावी?

नवे वाण तयार होण्यास साधारणतः आठ ते बारा वर्षे लागतात. म्हणून एका हंगामातील तेजी पाहून मागणी ठरवू नये. कार्यकर्त्यांनी पुढील नोंदी नियमाने ठेवाव्यात:

1. बाळापूर व अकोला येथील बाजारांत एकाच दिवशी एकाच पिकाच्या निरनिराळ्या प्रतींस मिळालेले भाव. कमाल व किमान भावांतील अंतर हीच गुणाची किंमत होय.
2. व्यापाऱ्याने भाव कशासाठी कापला, त्याचे कारण. ओल, कवडी व कचरा हे दोष वेचणीचे आहेत. आखूड धागा व कमी उतारा हे वाणाचे. पहिल्या दोषांवर पैदासकाराकडे उपाय नाही.
3. जिनमध्ये प्रत्यक्ष पडलेला उतारा, वाणाच्या नावासह.
4. जादा भाव कोणाच्या पदरात पडला. तो मधल्यामध्ये राहत असेल, तर वाणापूर्वी विक्रीची व्यवस्था सुधारावी.
5. वेचणीची मजुरी, पाण्याचा ताण व कीड यांविषयी शेतकऱ्यांच्या अडचणी.

किमान पाच वर्षांच्या अशा नोंदी एकत्र केल्या म्हणजे तात्पुरती लाट कोणती व टिकाऊ मागणी कोणती, हे उमगू लागते. त्या नोंदी तालुका कृषी कार्यालय व कृषी विज्ञान केंद्रामार्फत अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या संशोधकांपर्यंत पोहोचवाव्यात. हे विद्यापीठ 1969 पासून याच मातीत काम करीत आहे.

शेतकरी बंधूंनीही एक नियम पाळावा. नवे वाण प्रथम थोड्या क्षेत्रावर घ्यावे, त्याचा कापूस वेगळा ठेवावा आणि विक्रीची पावती जपून ठेवावी. वाणाची परीक्षा शेतात सुरू होते. परंतु तिचा निकाल बाजारात लागतो.